मदत हवी आहे: डोंगरी वाड्यांच्या पाणी प्रकल्पात बायका आणि कातकरी कुटुंबं

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका संस्थेत काम करते. वेल्हे-भोरकडच्या वाड्यांमध्ये झरे दुरुस्ती आणि बांधबंदिस्तीचं काम चालू आहे. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण बैठक ठरते सकाळी अकराला आणि तेव्हा बायका लावणीला खाचरात असतात. रजिस्टर नंतर घरी जातं, सही होते, ठराव मंजूर! फार वाईट वाटतं, कारण कुठला झरा चैत्रात आटतो हे नेमकं त्यांनाच माहीत असतं.

दुसरा पेच याहून अवघड. बांधबंदिस्तीचा लाभ सातबारावर नाव असलेल्यालाच मिळतो. कातकरी कुटुंबांकडे सातबारा नाही, त्यांच्या वाट्याला फक्त मजुरी. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला होता, भूमिहीनांनाही हक्क दिला होता. सह्याद्रीच्या उतारावर, लहान झऱ्यांसाठी असं कुणी केलंय का? ठरावाची भाषा काय होती? जमीनवाले कसे तयार झाले? आणि बैठका संध्याकाळी वाडीतच घेतल्यावर बायका खरंच बोलू लागल्या का?

जुन्नर-आंबेगावकडे काम केलेल्यांनी जरूर लिहा. पुढची ग्रामसभा जवळ आली आहे, त्याआधी मसुदा तयार करायचा आहे.