आईच्या पापणीवरची गाठ जातच नाहीये, मदत हवी आहे

निशिगंध_२:
आईच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आलीये. शेकून झालं, ड्रॉप्स झाले, ऑपरेशनपण झालं तरी परत आहेच. आता डॉक्टर म्हणतात परत काढू. आईने ऑपरेशनआधी पापणीत देतात त्या इंजेक्शनची धास्ती घेतलीये, ती नाहीच म्हणते. ऑपरेशनशिवाय कशाने जाते का? लवकर सांगा, घरात लग्न आहे आणि ती फोटोला उभी राहायला तयार नाही.

आजोळ:
लवंग सहाणेवर उगाळून रात्री लावा. नाहीतर बोट तळहातावर घासून गरम करायचं आणि टेकवायचं. आमच्याकडे सगळ्यांच्या यानेच बसल्या.

चष्मेवाला:
लवंग डोळ्याजवळ अजिबात नको! माझ्या भावाने लावली होती, रात्रभर डोळा उघडेना. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ असते.

आजोळ:
भावाने जास्त लावली असेल. टिंबाएवढीच लावायची असते, आणि ती बाहेरून.

दुपारची_पाळी:
निशिगंध, मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला असते. आईंचं वय किती, गाठ दुखते का, शुगर आहे का, ड्रॉप्स कुठले?

निशिगंध_२:
६१. दुखत नाही. शुगर नाही. ड्रॉप्सचं नाव आठवत नाही, मेडिकलवाल्याने दिलेले.

दुपारची_पाळी:
दुखत नसेल तर ती बहुतेक रांजणवाडी नाही. रांजणवाडी केसाच्या मुळाशी येते, लाल होते, ठणकते, पिकते आणि आठवड्याभरात बसते. न दुखणारी टणक गोळी म्हणजे चॅलेझिऑन. पापणीच्या आत तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण ३०-४०, खालच्या पापणीत थोड्या कमी. ते तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आतच साचतं आणि गाठ होते. ड्रॉप्स मात्र आधी बंद करा, त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

जुनं_पान:
त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

रानफूल:
माझी चॅलेझिऑन शेकानेच गेली, दीड महिना लागला. कोमट ओला रुमाल १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, मग वरून खाली, केसांच्या दिशेने हलका मसाज. लोक दोन दिवस करतात आणि सोडतात म्हणून जात नाही.

चहाबाज:
माझी डावी पापणी चार दिवस फडफडतेय, ते काय असतं?

रानफूल:
झोप घ्या आणि चहा कमी करा. पण वेगळा धागा काढा हो.

दुपारची_पाळी:
रानफूल, पहिल्यांदा आलेल्या गाठीला तुमचं बरोबर आहे. निशिगंध, ऑपरेशन एकदाच झालं का? आणि परत आली ती त्याच जागी?

निशिगंध_२:
दोनदा झालंय, दीड वर्षात. ही तिसरी. हो, त्याच जागी, नाकाच्या बाजूला.

दुपारची_पाळी:
हे आधी सांगायला हवं होतं. काढलेलं बायॉप्सीला पाठवलं होतं का? आणि गाठीजवळचे पापणीचे केस गळलेत का, उजेडात नीट बघा.

निशिगंध_२:
केसपेपरवर बायॉप्सीचा उल्लेख नाही. आत्ता मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं. गाठीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकही केस नाही, कड जाडसर पिवळट दिसतेय. मला वाटलं वयाने गेले असतील.

दुपारची_पाळी:
घाबरवत नाहीये, चॅलेझिऑनसुद्धा परत येते. पण या वयात त्याच जागी तिसऱ्यांदा आणि केस गेलेले, म्हणजे तपासल्याशिवाय सोडायचं नाही. तेलग्रंथीचा कॅन्सर अगदी चॅलेझिऑनसारखा दिसतो, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. लग्नापर्यंत थांबू नका. ऑक्युलोप्लास्टीवाल्या, म्हणजे पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, जुने कागद न्या, काढलेला तुकडा लॅबला पाठवा असं स्वतः सांगा.

आजोळ:
मला हे माहीत नव्हतं. निशिगंध, लवंग राहू दे. आधी दाखवून ये.

निशिगंध_२:
सोमवारची वेळ मिळाली. आईला एवढंच सांगितलंय की या वेळी तुकडा तपासायला देणार. तो शब्द घरात अजून काढलेला नाही. ते इंजेक्शन किती दुखतं ते खरं सांगा, तिला मी तेच सांगणार आहे.

रानफूल:
माझ्या बहिणीचं झालंय. आधी सुन्न करणारे थेंब घालतात. सुई जाते तेव्हा चांगलंच चुरचुरतं, ती म्हणते दहापर्यंत आकडे मोजले तेवढाच वेळ. नंतर नुसतं ओढल्यासारखं वाटतं. चीर पापणीच्या आतून देतात, बाहेर वण दिसत नाही. तिचा हात धरायला कुणीतरी जा.