मदत हवी आहे: डाळिंब छाटणीच्या कात्रीसाठी कमरेचं चामडी म्यान, जाड कडेचे टाके

सोलापूरजवळ डाळिंबाची बाग आहे. छाटणीची कात्री पट्ट्याला अडकवायला घरीच म्यान शिवतोय. आधी क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं भिजवून कात्रीभोवती दाबलं, पण सुकल्यावर आकार राहिला नाही. आता साल-हिरड्यानं कमावलेलं 3 मिमीचं घेतलंय. कोमट पाण्यात भिजवून, कात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून सावलीत सुकवलं. आकार अगदी नेमका बसला.

पात्यानं दोरा कापू नये म्हणून दोन थरांमध्ये त्याच चामड्याची पट्टी चिकटवलीय, त्यामुळे कड 9 मिमी झाली. अडचण तिथेच. पुढून भोकं एका रेषेत दिसतात, पण मागून आरी (चामड्याला भोक पाडायचा टोचा) कधी कडेकडे निघते, कधी आत. मेण लावलेला दोरा, दोन सुया, हातशिलाईच. गावातल्या चांभारदादांच्या मशीनखाली एवढी जाडी जात नाही. तीन थरांना वेगवेगळी भोकं पाडून जुळवायचं म्हटलं, तर वळणावर जुळत नाहीत.

चिकटवलेली कड उभ्या ड्रिलनं 1.5 मिमीची भोकं पाडून शिवली तर टाके टिकतील का, की आरीच सरळ धरायची काही युक्ती आहे? आणि घाम, बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) शिंतोडे यांपासून वाचवायला वरून तेल लावू की मेण?