बाइकचं हेल्मेट कारमध्ये नको

‘फुल फेस आणि आयएसआय शिक्का असला की कार रेसिंगला बाइकचंच हेल्मेट चालतं’ असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. त्या शिक्क्यामागचं आयएस ४१५१ हे मानक दुचाकीस्वारांसाठीचं आहे. रेसिंगच्या कारमध्ये डोकं रोल केजच्या, म्हणजे आतल्या संरक्षक सांगाड्याच्या पाइपवर आपटतं, शिवाय आगीची भीती. म्हणून स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए (कार रेसिंगसाठीच्या) मानकाच्या हेल्मेटची अशा पाइपवर, म्हणजे रोल बारवर, आदळण्याची वेगळी चाचणी होते आणि अस्तरही आगीला दाद न देणारं लागतं. त्यांच्याच बाइकसाठीच्या एम मानकात या दोन्ही अटी नाहीत.

सांगलीत आमच्या ग्रुपमधल्या एकाने ‘रेसिंग’ म्हणून हेल्मेट मागवलं. आतलं अस्तर उचललं तर खाली एम २०२० चा स्टिकर! एसए २०२० किंवा एसए २०२५ हवं होतं. हान्सच्या (अपघातात डोकं-मान सावरणाऱ्या साधनाच्या) क्लिपसाठी कानांमागे असतात ती आट्यांची भोकंही त्याला नव्हती. पोरांनो, पैसे देण्याआधी त्या स्टिकरचा फोटो मागवाच.