मदत हवी आहे: फौंड्रीवाल्यानं लिहायचं काय आणि कुणासाठी?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. ग्रे आयर्न (साधं बीड) आणि एस. जी. आयर्न (त्याहून चिवट बीड) दोन्ही ओततो. पंप, व्हॉल्व्ह, थोडं ट्रॅक्टरचं काम. नवीन चौकशी आली की पहिला प्रश्न ठरलेला: किलोला रेट काय? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून इथं इतक्या भट्ट्या आहेत की आपल्यापेक्षा रुपयानं कमी सांगणारा कुणीतरी निघतोच.

मुलगी म्हणते, "पप्पा, फोनवर ग्राहकाला अर्धा अर्धा तास समजावून सांगता, तेच लिहून टाका की. लोक नावानं शोधत येतील." म्हणून एका एजन्सीला बोलावलं. ते म्हणाले, तुम्हाला 'थॉट लीडर' करतो, म्हणजे धंद्यात ज्याचं मत लोक ऐकतात असा माणूस. नमुना काय, तर दसऱ्याच्या शुभेच्छा, दर्जाविषयी एक गुळगुळीत वाक्य आणि हाताची घडी घातलेला माझा फोटो. हे बघून मला कोण कास्टिंग देणार?

सांगण्यासारखं नाही असं नाही. ड्रॉइंगवर नुसतं 'सी. आय.' (कास्ट आयर्न) लिहून येतं. अरे बाबा, एफजी २०० की एफजी २६०? आयएस २१० या भारतीय मानकात तो आकडा म्हणजे किमान ताणशक्ती. तीच गोष्ट एसजी ५००/७ ची: ७ म्हणजे टक्क्यांत लांबण, हे माहीत नसलेले खरेदी अधिकारी मी बघितलेत. जाड बॉसला (कास्टिंगवरच्या उंचवट्याला) एकदम पातळ भिंत जोडलेली असते. जाड भाग शेवटी गोठतो, त्याला मेटल पुरवायला रायझर (वितळलेल्या धातूचा साठा) लावायला जागा ठेवलेली नसते, आणि श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी) आलं की दोष फौंड्रीचा!

माझ्या अडचणी अशा. हे सगळं उघड लिहिलं तर शेजारचाच उचलेल, ही एक. दुसरी, चांगले फोटो सगळे ग्राहकांच्या जॉबचे आणि गोपनीयतेच्या करारावर सही केलेली. तिसरी, मराठीत लिहू की इंग्रजीत? माझं इंग्रजी ईमेलपुरतं आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: चाकणवाला

मी गिऱ्हाईकाच्या बाजूचा, डिझाइनमध्ये आहे. खरेदी खातं तुमचं काही वाचणार नाही, ते रेटच बघणार. त्यांच्यासाठी लिहूच नका. आमच्यासाठी लिहा. मशिनिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) उघडं पडलं की मी आधी गुगलवर दोषाचं नाव टाकतो. येतं काय, तर परदेशी पुस्तकातली आकृती. त्या जागी शिरोलीतल्या माणसानं 'असा बॉस देऊ नका, असा द्या' हे दोन चित्रांत दाखवलं तर पुढचं ड्रॉइंग सोडण्याआधी मी त्यालाच फोन करीन. ड्रॉइंग गोठण्याआधी आत आलात की रेटची घासाघीस निम्मी संपते. एक विषय फुकट देतो: ड्राफ्ट अँगल (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि मशिनिंग अलाउन्स (मशिनिंगसाठी ठेवलेली जादा जाडी). आमच्याकडची नवी पोरं दोन्ही विसरतात.

प्रतिसाद: उद्यमनगरकर

शेजारी उचलेल ही भीती सोडा. बॉस कसा असावा हे शेजाऱ्यालाही येतंच. तुमचं खरं गुपित म्हणजे कुठल्या जॉबला गेटिंग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा) कसं दिलं, भट्टीच्या चार्जमध्ये काय किती टाकता, वाळू कशी सांभाळता. ते लिहू नका, एवढंच.

फोटोंचं म्हणाल तर ग्राहकाचा जॉब लागतो कशाला? पायऱ्यापायऱ्यांचा एक ठोकळा स्वतःच्या पॅटर्नवर (साचा करायच्या नमुन्यावर) ओता. एकाच लॅडलचं ग्रे आयर्न, पण पातळ पायरी लवकर गार होऊन चिल मारते, म्हणजे कडक आणि ठिसूळ होते, टूल खाते. जाड पायरीत ग्रॅफाइट भरड होतं, ताकद उतरते. कापा, प्रत्येक पायरीची हार्डनेस काढून फोटोवर लिहा. ग्रेड सांगताना भिंतीची जाडी का सांगावी, हे त्या एका फोटोत कळतं.

जॉन डीअर कंपनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' मासिक काढते. नांगर घ्या म्हणत बसले नाहीत, शेतीचं लिहिलं. थॉट लीडर वगैरे शब्द सोडा.

भाषा दोन ठेवा. डिझाइनवाल्यांसाठी साधं, तुटक इंग्रजी चालतं. मुलीला तपासू द्या. मोल्डर आणि छोट्या जॉबवाल्यांसाठी मराठीत व्हिडिओ करा, आणि त्यात तुम्ही नको, तुमच्या मिस्त्रींना बोलू दे. पावसाळ्यात वाळूतला ओलावा कसा सांभाळायचा, हे त्यांच्याइतकं तुम्हालाही सांगता येणार नाही. राग मानू नका.

धागाकर्ता

राग कसला, खरंच आहे ते. पण मिस्त्री कॅमेरा बघितला की गप्प होतात. मुलगी म्हणते, कामावर असतानाच विचारायचं आणि मोबाइल बाजूला उभा करायचा.

ठोकळ्याचं पटलं. पॅटर्नवाल्याला सांगितलंय. एजन्सीला नको म्हणून कळवलं. त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छांचं डिझाइन तरी घ्या म्हणून परत फोन केला.

आता एक राहिलं. कापलेल्या, घासलेल्या तुकड्याचा फोटो मोबाइलवर नुसता चमकतो, आतली छिद्रं दिसतच नाहीत. लाईट कुठून मारायचा?

प्रतिसाद: उद्यमनगरकर

समोरून फ्लॅश नको. ट्यूबखाली तुकडा आडवा ठेवा, वर ट्रेसिंग पेपर धरा, आणि दुसरा लाईट बाजूनं, तुकड्याला जवळजवळ समांतर असा द्या. छिद्रांच्या कडांना सावली पडली की दिसतील. शेजारी स्टीलची पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर मोजमाप कळणार नाही.