बँडनं आपलंच जुनं गाणं नव्या ढंगात केलं, तुम्हाला काय वाटलं? अनुभव सांगा

मंडळी, परवा चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना यूटू ह्या आयरिश रॉक बँडचा २०२३चा अल्बम 'साँग्ज ऑफ सरेंडर' लावलो. स्वतःचीच ४० जुनी गाणी परत रेकॉर्ड केल्यात, ड्रमबिम कमी, बरंचसं हळू आवाजात. त्यांचा गिटारवाला एज, त्याच्या गिटारचा तो घुमणारा एको, ज्याच्यापायी मी ह्यांच्या नादाला लागलो, तोच बराचसा गायब! कणकुंबीपर्यंत शिव्या घातलो, घाट उतरताना मात्र 'विथ ऑर विदाऊट यू' रिपीटवर. त्यांचा गायक बोनो साठी ओलांडला, मी पन्नाशी, ओरडायचं कुणी आता. तुमचं कुठलं आवडलं, कुठलं डोक्यात गेलं? सविस्तर लिहा की.

टिळकवाडी
आमचा किस्सा इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगचा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' बसवायचं ठरलं. ईगल्सचं १९७६च्या अल्बममधलं मूळ, आणि फुटलेला बँड १९९४ला परत जमला तेव्हाचं अकूस्टिक, अशी दोन हायत हे कुणी बोललंच नाही, प्रॅक्टिस जो तो आपापल्या रूमवर. मी इलेक्ट्रिक घोकून आलेलो (शेवटी फेल्डर आणि वॉल्शच्या गिटारी एकमेकींच्या मागं धावतात ते), आणि दुसरा पठ्ठ्या स्टेजवर १९९४ची ती लांबलचक स्पॅनिश छापाची सुरुवात घेऊन बसला, ड्रमवाला माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं, गाणं काय सुरू होईना. मागनं एकजण ओरडला, "ट्युनिंग झालं की सांगा ओ!"

खानापूर
बाबा ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, वराती, गणपती वगैरे. रॉक म्हटलं की दार लावून घ्यायचे. एकदा मेटॅलिकाचा 'एस अँड एम' लावलो, १९९९ला सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीला घेऊन केलेला, ऑर्केस्ट्राचं सगळं मायकेल केमेननं बांधलेलं. बाबा दारात उभे. म्हटले, "एवढी माणसं बोलवून गप्प बसवल्यात की रे. ते गिटार जरा थांबव म्हण, मागं पितळ काय वाजालंय बघ." मला आजवर मागचं पितळ ऐकूच आलं नव्हतं, खरं सांगतो. रात्री पेटीतनं क्लॅरिनेट काढून 'नथिंग एल्स मॅटर्स' शोधत बसले, रीड जुनी झालेली, नुसती चीं चीं. २०११ला मेटॅलिका बेंगळुरात आली तेव्हा मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जनरलमधनं उभा गेलो. बाबा म्हटले, ऑर्केस्ट्रा नसला तर मला काय सांगू नको.

निपाणी
मी उलट्या बाजूची. गिटारवाला एरिक क्लॅप्टन, त्याचं गाणं 'लैला', १९७०ची ती १९७०ची. तिथं माणूस जीव तोडून ओरडतोय, १९९२च्या अनप्लग्डमध्ये (इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून केलेलं) तोच आरामात खुर्चीवर बसून जुनं लफडं सांगतोय. भारी वाजवलंय, नाही कोण म्हणतंय, पण मला नको. नवऱ्याला तीच आवडते, गाडीत रोज भांडण.

शहापूर
एवढं काय त्यात? आमच्या भजनात एकच अभंग चार चालींत म्हणतात, आणि कुमार गंधर्व इथल्याच, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, बंदिश दर मैफिलीत वेगळी व्हायचीच त्यांची. आता आमचा पखवाजवाला, कोण नवीन चाल काढला की हात बांधून बसतो, ती गोष्ट वेगळी. त्याला ह्या एकादशीला दोन्ही लैला ऐकवून बघतो.