वाचनालयात गजबज आणि एकांत शेजारी कसे बसवायचे?

प्रश्न: दोन मजली वाचनालयाचा आराखडा करतेय. देवघेव काउंटर, बालविभाग, रॅक आणि अभ्यासिका यांचा क्रम कसा लावावा? अभ्यासिकेला काचेची पार्टिशन चालेल का?

उत्तर: दारातून आत जाल तसा आवाज उतरत गेला पाहिजे. आधी देवघेव, वर्तमानपत्रं, मुलं, मग रॅक, शेवटी अभ्यासिका. भरलेले रॅक आवाज बराच अडवतात. बालविभाग जिन्याच्या मोकळ्या चौकाला लागून नको, तिथला आवाज थेट वर चढतो.

उत्तर: काचेपेक्षा वरची फट घात करते. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबलं की आवाज वरून पलीकडे उतरतो. ते स्लॅबपर्यंत न्या आणि दाराखाली रबरी पट्टी लावा. काच पूर्ण पारदर्शक ठेवली तर पाठीमागून कुणी बघतंय असं सतत वाटतं. साधारण १.२ मीटर उंचीपर्यंत दुधी फिल्म लावा, वरून देखरेखही होते.

उत्तर: वास्तुकार लुई कान यांचं अमेरिकेतल्या एक्सेटरचं ग्रंथालय जरूर अभ्यासा. मध्ये उंच चौक, भोवती काँक्रीटच्या भागात रॅक आणि बाहेरच्या विटांच्या भिंतीलगत एकेकट्यासाठी लाकडी मेजं. प्रत्येकाला छोटी खिडकी, तिला सरकती झडप. पुस्तकं उन्हापासून लांब, वाचणारा उजेडात. फार सुंदर उकल आहे ही!

भाराचं मात्र आत्ताच ठरवा. अमेरिकी मानकात रॅकच्या जागेला दर चौरस मीटरला सुमारे ७.२ किलोन्यूटन भार धरतात (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन), वाचनकक्षाला २.९. अभ्यासिकेत पुढे रॅक हलवायचे असतील तर तिथला स्लॅबही रॅकच्या भारासाठीच डिझाइन करून घ्या.