ठाणेदारांचं मोजमाप कोणी करायचं, डेट्रॉइटने की आपण?

नोव्हीकर: "बेळगावच्या माणसाने वॉशिंग्टनला मराठी झेंडा रोवला, त्यात खोट काढणारेही आपलेच," असं अमेरिकन काँग्रेसवर (तिथल्या संसदेवर) निवडून गेलेल्या श्री ठाणेदारांबद्दल परवा इथे कोणीतरी लिहिलंय. राहवलं नाही म्हणून लिहितोय. झेंडा रोवला कुठे, ते तरी बघा. मिशिगनच्या 13व्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग येतो. या शहरात चारातली तीन माणसं कृष्णवर्णीय. त्यांच्यातलेच चार्ल्स डिग्ज 1955 मध्ये इथून काँग्रेसमध्ये गेले, पुढे त्यांच्यातलेच जॉन कॉनियर्स पन्नासहून जास्त वर्षं होते. जानेवारी 2023 मध्ये श्री ठाणेदारांनी शपथ घेतली आणि डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. 2018 ला गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःचे कोटीभर डॉलर ओतले आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत व्हिटमर, अल-सय्यद यांच्या मागे तिसरे आले. मग अ‍ॅन आर्बरचं बिऱ्हाड डेट्रॉइटला हलवलं, 2020 ला राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि एकच टर्म करून थेट काँग्रेस! उद्या कोणी परप्रांतीय धनाढ्य आपल्या गावात येऊन असा निवडून आला तर आपण पेढे वाटू का?

टिळकवाडी: पैशानेच सगळं होत असतं तर 2018 ला ते गव्हर्नर झाले असते. 2022 ला प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते, हे 28 टक्क्यांवर जिंकले. बाकीच्यांना एका नावावर एकत्र येता आलं नाही, त्याला ठाणेदार काय करणार? 2010 च्या सुमाराला मंदीत या माणसाची कंपनी बँकेने ताब्यात घेतली. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी दुसरी प्रयोगशाळा उभी केली आणि त्याच पैशावर निवडणूक लढवली. चोरी केली का? आणि बेळगावच्या माणसाला 'परप्रांतीय' हा शब्द ऐकवू नका. 1956 ला बेळगाव कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासून आम्ही आमच्याच गावात परप्रांतीय आहोत.

पंचगंगा: आला सीमाप्रश्न! अहो, धागा मिशिगनचा आहे.

टिळकवाडी: तुम्हाला कोल्हापुरात बसून सोपं आहे. वडील गेल्यावर वारसा लावायला कचेरीत गेलो. अर्ज मराठीत, स्वच्छ अक्षरात. कारकुनाने न वाचताच सरकवला, "कन्नडमध्ये आणा." बाहेर झाडाखाली बसलेल्या टायपिस्टला पैसे देऊन करून घेतला. त्यात आईचं नाव चुकलं होतं, मला ते वाचताही आलं नाही. दुरुस्तीला वर्ष गेलं.

पंचगंगा: वाईट झालं, मान्य. पण महाराष्ट्राने 2004 ला सर्वोच्च न्यायालयात दावा लावलाय ना? आम्ही आणखी काय करायचं?

टिळकवाडी: दावा लावला आणि विसरलात. एक नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो तेव्हा तुमचे किती आमदार येतात? बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालाचं नाव काढलं की अजून पोटात कालवतं. म्हणून सांगतो, बेळगावात मराठी शिकून कोणी अमेरिकन काँग्रेसमध्ये जातो तेव्हा आमची छाती फुगणारच. तुम्ही त्यावरही पाणी ओतू नका.

नोव्हीकर: छाती फुगवा हो! पण तुमच्या कारकुनाने तुमचं ऐकून घेतलं नाही, हेच तुमचं दुःख आहे ना? डेट्रॉइटचे लोकही तेच म्हणताहेत: आमचं म्हणणं आमच्या माणसाने मांडावं. स्वतःला एक न्याय आणि त्यांना दुसरा, असं कसं चालेल?

ईस्टसाइड: मी डेट्रॉइटमध्ये परिचारिका आहे, तुमच्यासारखी उपनगरात नाही राहत. 2018 ला सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) वेळी त्यांची जाहिरात लागली, तेव्हापासून माझ्या वॉर्डातले म्हातारे रुग्ण "श्री, श्री" म्हणत मला त्यांच्याबद्दल विचारायचे. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे मतंही दिली. ती माणसं पैशाला भुलली, हे तुम्ही परस्पर ठरवता, याचा मला राग येतो. 2024 ला तेच पुन्हा जिंकले.

नोव्हीकर: 2024 ला त्यांचे प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांचं नाव वैध सह्या कमी पडल्यामुळे मतपत्रिकेवरच नव्हतं, तेही सांगा.

ईस्टसाइड: सह्या गोळा करणं ठाणेदारांचं काम नव्हतं. माझी तक्रार वेगळी आहे. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ट्रम्पविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. मे महिन्यात मतदान घ्यायला भाग पाडणार म्हणाले आणि ऐनवेळी माघार घेतली. पक्षातलेच लोक चिडले होते. आधी त्यांना विश्वासात घेऊन मग पाऊल टाकायला हवं होतं. ज्यांच्या घरात थंडीत हीटर चालत नाही त्यांना या गोंधळातून काय मिळालं?

नोव्हीकर: हेच तर मी म्हणतोय.

टिळकवाडी: नाही, तुम्ही पैशाबद्दल आणि जातकुळीबद्दल बोलत होतात. कामाबद्दल आत्ता कुठे ईस्टसाइड बोलल्या. महाभियोगाचं त्यांचं म्हणणं मला पटतं. तुमचं पटत नाही.

नोव्हीकर: 2020 ची निवडणूक त्यांनी डेट्रॉइटकरांच्या मतांवर जिंकली, एवढं मान्य करतो. परप्रांतीय हा शब्द बेळगावकरांना लागला असेल तर तोही मागे घेतो. पण 13व्या मतदारसंघाबद्दलचं माझं मत तेच आहे.

पंचगंगा: आणि एक नोव्हेंबरला आम्ही येत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी दोनदा आलोय, तिथल्या पोलिसांनी निपाणीच्या अलीकडेच अडवलं.